एकमताचा ठराव

गोष्ट सन एकावन्नची. नागपुरात तलावाकाठच्या प्लॉटमालक संघाची सभा भरली होती. घाटाला फाटक लावलं, तर कोष्टीपुऱ्यातल्या बायांचं पाणी तुटणार होतं. घाट खुला ठेवायला एकमत हवं होतं आणि मनोहरराव एकटेच अडून बसले होते. अध्यक्ष बाबनरावांचा जीव टांगणीला लागला. "घाट सगळ्यांले खुला राहील," त्यांनी ठराव वाचला आणि कीर्तनाच्या सवयीनं पुढं तोंडून निघून गेलं, "पुंडलिक वरदाऽऽ..."

"हारी विठ्ठल!" सगळ्यांचे हात वर. मनोहररावांचे तर दोन्ही.

"एकमतानं मंजूर," बाबनराव म्हणाले.

"म्या देवासाठी हात वर केले गा."

"मंग आता खाली करून दाखवा."

मनोहररावांनी आपल्या हातांकडं पाहिलं, खुदकन हसले आणि त्याच हातांनी टाळी धरली. सभेचे बाकीचे विषय गजरातच राहून गेले.