भारलेलं लिंबू

थायरॉइडच्या गोळ्या सुरू असूनही शेवंताचं काळीज रात्री एकाएकी धडधडत सुटायचं. का, ते डॉक्टरांनाही उमगेना. नवरा धोंडबा तिच्याहून जास्त घाबरला. त्याची थोरली बहीण बायजाबाई उमरेडहून आली, ती मांत्रिकानं भारलेलं लिंबू घेऊनच. “उशाखाली ठेव वं.” “बाई, आपण तं दीक्षा घेऊन बौद्ध झालो ना?” शेवंता म्हणाली. “झालो. पण लिंबाले काय माहीत?” धोंडबाला मनातून लिंबू हवंच होतं. शेवंतानं विळी ओढली आणि लिंबू चिरलं. “हात थरथरून राहिले तुहे. भ्याली ना?” “ते थायरॉइडनं, बाई. भेव तं दीक्षेच्या दिवशीच सोडलं.” तिनं साखर घालून सरबत केलं आणि पहिला पेला स्वतः रिकामा केला. “मलेही दे वं,” म्हणत धोंडबा छाती फुगवून बसला, जणू लिंबू त्यानंच चिरलं होतं.