दागिन्यांची फळी

"तिथं नको," श्रावण म्हणाला.

कोकिळेच्या हातातला खिळा हातातच राहिला. सकाळपासून ती त्या फळीमागे लागली होती. गिरणीतल्या खोक्याची फळी, तिच्यावर कापसाचा थर, वरून जुन्या निळ्या लुगड्याचं कापड ताणून बसवलेलं. बांगड्यांसाठी बांबूची काडी आडवी बांधली होती, बाकीच्यांसाठी खिळे. आजवर सगळे दागिने एका डब्यात कोंबलेले असत. बुगडी काढायला जावं तर पोत गुंतून बाहेर येई आणि ती सोडवण्यात सकाळ जाई. आता सगळं डोळ्यांसमोर राहणार होतं. दागिने मोजकेच, खिळेच जास्त झाले होते, पण हौसेला मोल नसतं.

"मंग कुठं लावू?"

"दरवाज्यामागं लाव."

"तिथं अंधार हाये. इथं उजेड पडते."

"भिंत कच्ची हाये ते," असं म्हणून तो अंगणात गेला आणि उगाच फेऱ्या मारू लागला.

भिंत कच्ची होती हे खरं. तिथं पूर्वी देवळी होती आणि देवळीत घराण्याच्या देवांचे चांदीचे पाच टाक. मागच्या साली आईसोबत नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर श्रावणनं ते टोपलीत घातले, एकट्यानं नेले आणि वणा नदीत सोडले. मग हिंगणघाटच्या त्या गल्लीत घराघरांतून टोपल्या निघाल्या. श्रावणनं सोडले, मग आपण काऊन ठेवायचे, असं जो तो म्हणाला. तेव्हापासून श्रावणचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लिंपणं हे बायकांचं काम, पण ती देवळी त्यानं स्वतःच्या हातांनी बुजवली. त्याचंही गल्लीत कौतुक झालं.

पुरुषाच्या हातचं लिंपण ते, आठवड्यातच तडकलं. एक दिवस घरात कोणी नसताना सासूनं, जिजाबाईनं, ते खरवडून पुन्हा लिंपलं. तेव्हापासून म्हातारी दिवसभर त्याच भिंतीला पाठ टेकून बसे.

कोकिळेच्या मनात पाल चुकचुकली ती आज. ती अंगणात गेली.

"अवो, आत्याबाईनं तं त्या देवळीत काई ठेवलं नसन?"

श्रावण एकदम थांबला. "मायचं काई सांगता येत नाई," तो म्हणाला. "तू त्या भिंतीले हात लावू नको. आज तं नाईच."

आज संध्याकाळी गल्लीतल्या बौद्ध मंडळाचे नानाजी आणि प्रेमदास यायचे होते. श्रावणला मंडळाचा प्रमुख करायचं जवळजवळ ठरलं होतं. ज्याच्या शब्दावर गल्लीनं देव सोडले त्याच्याच भिंतीतून देव निघाले, तर त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. कोकिळेनं फळी गुपचूप खाली ठेवली आणि दागिने लावायला बसली. हात चालत होते, जीव थाऱ्यावर नव्हता.

"हे बी लाव," म्हणून जिजाबाईनं फडक्यात बांधलेले आपले चांदीचे दोन तोडे पुढे केले.

"आत्याबाई, हे तं तुमी नलूच्या वाळ्यांसाठी मोडले ना? तुमीच तं सांगतलं."

"म्हनलं असन," म्हातारी म्हणाली आणि दाराकडे पाहू लागली. बाहेर नातीच्या वाळ्यांचे घुंगरू वाजत होते.

संध्याकाळी पाहुणे आले. नानाजी मुळातले सुतार. भिंतीशी टेकवलेली फळी पाहून ते खूश झाले.

"वा वो सूनबाई! हे खाली काऊन ठेवली? आन बरं तो हातोडा."

"राहू द्या नानाजी," श्रावण घाईनं म्हणाला. "भिंत कच्ची हाये."

"कच्च्या भिंतीले लांब खिळा लागते," नानाजी म्हणाले आणि उजेडाची नेमकी जागा बघून त्यांनी खिळा ठोकला.

दुसऱ्या ठोक्याला खिळा डोक्यापर्यंत आत गेला. तिसऱ्याला लिंपण ढासळलं. पोकळीत लाल फडक्याचं गाठोडं दिसत होतं.

"श्रावण, हे काय रे?"

श्रावणनं आईकडे बोट केलं. "मायचं असन," तो म्हणाला. "म्हातारं मानूस. तिच्यानं सोडवलं नसन."

सगळ्यांनी जिजाबाईकडे पाहिलं. कोकिळेला सासूची दया आली आणि रागही आला.

म्हातारी उठली. "हो, माह्यंच हाये," ती म्हणाली. तिनं गाठोडं काढून सर्वांसमोर सोडलं. आत नदीतले पाच गोटे होते.

"गोटे?" प्रेमदास म्हणाला.

"पोकळ राह्यलं होतं आत. भर घातली."

नानाजी मोठ्यानं हसले. "घाबरवलं की वो जिजाबाई!" चहा झाला. जाताना ते श्रावणच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुहं नाव पक्कं समज."

ते गेले तरी श्रावण गोट्यांपाशीच बसून होता. एकेक गोटा उलटून पाहत होता.

"माय, याच्यात तं..." त्यानं रिकामं फडकं झटकून पाहिलं.

"टाक होते. ठाऊक हाये मले," जिजाबाई म्हणाली. "तू लिंपून राह्यला होता तवाच समजली मी. नागपुरात तू प्रतिज्ञा मोठ्यानं बोलला, बापू. मी हळूच बोलली, पन खरं बोलली."

कोकिळा नवऱ्याकडे पाहत राहिली.

नलू धावत आत आली. म्हातारीनं तिला मांडीवर घेतलं, पायांतले वाळे काढले आणि फळीवर आपल्या दोन्ही तोड्यांशेजारी अडकवले.

"माहे तोडे तं हे राह्यले," ती म्हणाली. "मंग हे वाळे कायचे केले मी, सांग बरं."