मागचा शाफ्ट

शाफ्टला हात लावताच तो सैल दातासारखा हलला. जीपखाली उताणी पडलेल्या ताईने बॅटरी जवळ धरली आणि ग्रीसचा थर फडक्याने पुसला. आत भेग होती. भेगेशेजारी पांढऱ्या रंगाची फुली कोणीतरी खरवडून काढली होती, पण तिचं एक टोक राहून गेलं होतं.

फुली तिच्याच हातची होती. गेल्या हिवाळ्यात तिनेच हा शाफ्ट या जीपमधून काढला होता, भंगाराची खूण केली होती आणि नवा बसवून दिला होता. हा दांडा इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देतो. चढावर तुटला, तर सुटलेलं टोक जमिनीत रुततं आणि गाडी पालथी पडते. आणि या जीपमधून तिचा मेहुणा रोज डोंगरावरच्या विश्रामगृहाला सामान पोचवायचा. वाटेत एका अंगाला सरळ दरी.

"ताई, आवाज कसला येतोय गं?" दाराजवळच्या स्टुलावरून धाकट्या बहिणीने विचारलं.

"शाफ्ट झिजलाय. बस जरा."

चुकून असं होत नाही. चांगला शाफ्ट खोलून त्याच्या जागी मेलेला चढवायला जीपखाली झोपावं लागतं, अंग मोडून काम करावं लागतं. धाकटीच्या नवऱ्याच्या जिवावर कोणीतरी उठलं होतं. सामानाच्या ठेक्यावरून त्याची एकाशी जुंपली होती, हे तिच्या कानावर आलं होतंच. धाकटीच्या कपाळाकडे तिला बघवेना.

गॅरेजच्या मागे जाऊन तिने मेहुण्याला फोन लावला. आवाज अगदी खाली ठेवला.

"अहो, नीट ऐका. जीपचा नवा शाफ्ट काढून कोणीतरी भंगारातला बसवलाय. उद्या वर गेला असतात तर जिवावर बेतलं असतं. कोणावर संशय येतो तुम्हाला?"

घाबरला असेल बिचारा, तिला वाटलं.

"गाडी तुमच्याकडे कशी?" तो म्हणाला. "तिला बजावलं होतं मी, ताईकडे न्यायची नाही म्हणून."

ताईने वळून गॅरेजकडे पाहिलं. तो घाईने पुढे म्हणाला,

"तिला काही बोलू नका. मी निघालोच."

फोन बंद झाला. ताई पुढच्या बाजूला आली.

"उद्या वर कोण जाणार आहे गं?"

"मी!" धाकटीचा चेहरा फुलला. "घाटात मला गाडी चालवू द्या म्हणून मी यांच्या किती मागे लागले होते. परवा हे स्वतःहून म्हणाले, आता तू एकटीनेच जा."

ताईने जीपची किल्ली खिशात टाकली आणि भर दुपारी शटर आतून खाली ओढलं.