अंगातलं विष

"या गोळीत विष आहे," धाकटा म्हणाला आणि त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

ताईने पुढे केलेली गोळी तशीच धरून ठेवली. मागच्या वर्षी त्याचं मनाचं दुखणं सुरू झालं ते अशाच वाक्याने. तेव्हा पाण्यात विष होतं, भाजीत होतं, टूथपेस्टमध्येही होतं. अलीकडे कुठे ही नवी गोळी लागू पडली होती. तो पुन्हा फोटोफ्रेमच्या दुकानात काचा कापायला जाऊ लागला होता.

"अंगाला सारखी खाज सुटते गं. आतून. लघवी तर काळ्या चहासारखी होते."

"मनाचे खेळ आहेत रे ते. घे बघू, माझ्यासाठी."

त्याने गोळी गिळली. मग तिच्याकडे असं पाहिलं, की ती रिकामा पेला घेऊन तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. "उलट्या करतोय, घेऊन जा त्याला."

दुकानात तो पांढऱ्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसला होता. त्याने मान वर केली आणि ताई जागच्या जागी थबकली. त्या पांढऱ्यापुढे त्याचे डोळे पिवळेधमक दिसत होते.

"यकृताला सूज आहे, पित्त अडलंय," रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या औषधाने क्वचित होतं असं. गोळी आजपासून बंद."

"म्हणजे तो खरं सांगत होता?"

"अगदी खरं. आता यकृत जरा सावरलं की दुसरं औषध देऊ. पण तोवर त्याच्यावर लक्ष ठेवा. जुना त्रास उलटू शकतो."

ताईने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. तो खिडकीशी उभा राहिला तरी ती हातातलं काम टाकून धावायची. डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरत होता, तिची भीती मात्र चढत होती. पुन्हा कानात आवाज येतात का, हे विचारायची तर हिंमत होत नव्हती.

एका दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, आवाज यायला लागलेत. सकाळपासून."

तिने गॅस बंद केला.

"मागच्या वेळी तर कितीतरी महिने लपवलं होतंस. आज आपणहून सांगतोयस?"

"आता तुला माझं खरं वाटतं ना, म्हणून."