नितळ पाणी

"हे ओढ्यातलं नाही, नळाचं पाणी आणलंयस तू," अल्ताफची बाटली उजेडात धरत शिरगुप्पे मॅडम म्हणाल्या. शाश्वत विकासाच्या तासासाठी त्यांनी केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना ओढ्याचं पाणी आणायला सांगितलं होतं. बाकी सगळ्यांनी कॉलेजमागे भरलेल्या बाटल्यांत निळसर, उग्र वासाचं पाणी होतं. अल्ताफचंच तेवढं नितळ.

"ओढ्यातलंच आहे, मॅडम. वर, कारखान्यापाशी भरलं."

त्याचे वडील त्याच कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. ओढा नासवल्याबद्दल मॅडम वर्षभर वर्गात ज्याला दोष देत होत्या, तोच हा कारखाना. मुलगा बापाला वाचवतोय, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

"चल, दाखव मला." अख्खा वर्ग मागे निघाला.

कारखान्याच्या खालच्या अंगालाही तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते. आज यांनी मुद्दाम सांडपाणी बंद ठेवलं असणार, असं मनाशी म्हणत मॅडम काठाकाठाने परत निघाल्या आणि कॉलेजच्या कुंपणापाशी थबकल्या. भिंतीतून आलेल्या पाइपातून निळं पाणी ओढ्यात पडत होतं. तो वास त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. त्यांच्याच विभागाच्या प्रयोगशाळेतला.

मुलं पाइपाभोवती गोळा झाली. अल्ताफ नुसता त्यांच्याकडे बघत राहिला.

"चुकले मी, अल्ताफ," मॅडम म्हणाल्या. "जा, प्राचार्यांना बोलावून आण. म्हणावं, आजचा तास इथे आहे."