पुलाचं आयुष्य

नगरपालिकेच्या निविदा-यंत्राने नव्या पुलासाठी सर्वांत स्वस्त कंपनी निवडली आणि अभियंता वत्सला गावितांचा अंगठा मागितला. हा पूल एकोणिसाव्या वर्षी कोसळेल, हेही यंत्रानेच अचूक मोजलं होतं.

"मग याला गुणवत्तेचे पूर्ण गुण कसे?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नियमानुसार पंधराच वर्षं पाहायची असतात," यंत्र म्हणालं.

मुख्याधिकारी घोलप म्हणाले, "मॅडम, तोवर आपण दोघंही निवृत्त झालेलो असू. अंगठा लावा."

"नाही लावणार, साहेब."

वत्सलाबाईंनी यंत्राच्या अहवालातलं एकोणिसाव्या वर्षाच्या हिशोबाचं पान छापलं, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि दारावरच्या सूचनाफलकावर चिकटवलं. घोलपांनी ते काढायला शिपायाला पाठवलं. शिपायाचं घर नदीपलीकडे होतं. त्याने पान उभ्याउभ्या वाचलं आणि तो रिकाम्या हाताने परत आला.