अर्धा पासवर्ड

बँकांना ऑनलाइन व्यवहारांचं सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी दोघा भावांनी एका खोलीत सुरू केली, तेव्हाच मुख्य पासवर्डचे दोन तुकडे केले. अर्धा थोरल्याला ठाऊक, अर्धा धाकट्याला. एक टाइप करू लागला की दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं. तरीही धाकटा हातांवर टॉवेल पांघरायचा. दादा कंपनी घशात घालणार, ही शंकेची पाल त्याच्या मनात वर्षानुवर्षं चुकचुकत होती. आज सॉफ्टवेअर बंद पडलं. बँकांचे फोन खणखणू लागले. थोरला आपला तुकडा टाकून भिंतीकडे वळला. टॉवेलाखाली धाकट्याची बोटं थिजली. "दादा, घाबरून माझा तुकडाच विसरलो रे!" भिंतीकडे बघतच थोरल्याने तो अक्षरन्‌अक्षर सांगितला. सॉफ्टवेअर सुरू झालं. धाकट्याने डोळे बारीक केले. "कधीपासून माहितीये?" "पहिल्या दिवसापासून. बोटं झाकतोस, पण टाइप करताना पुटपुटतोस." धाकट्याने टॉवेल तोंडावर ओढला.